बोलकीं यंत्रें व आमचें मुकें पत्रक

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं तानसा नदीचें पाणी वाढलें, रस्ते बुडाले, आणि दुसऱ्या दिवशीं शाळेस सुटी देण्याचें ठरलें. आम्हीं घाईघाईनें कागदावर चार ओळी लिहिल्या, मोबाईलवर त्यांचें छायाचित्र घेतलें, तें पालकांच्या ग्रूपवर पाठविलें, आणि स्वस्थ निजलों. सकाळीं पाहतों तों एक विद्यार्थिनी दप्तर पोटाशीं धरून शाळेच्या बंद फाटकापाशीं भिजत उभी! तिचे वडील अंध आहेत. गणेशपुरीस देवळाच्या वाटेवर त्यांचें नारळ-फुलांचें लहानसें दुकान आहे. आमचें पत्रक त्यांच्या फोनवर वेळेवर पोंचलें होतें. परंतु तें उघडतांच फोननें त्यांस एवढेंच सांगितलें कीं, येथें एक चित्र आहे. मुलगी तेव्हां निजली होती, आणि घरांत दुसरें वाचणारें कोणी नाहीं.

सायंकाळीं आम्ही त्यांच्या दुकानीं क्षमा मागावयास गेलों. ते रागावले नाहींत. म्हणाले, "सर, मुलगी घरीं परत आली, झालें. पुढल्या वेळीं तेवढ्या चार ओळी टाईप करून धाडा, म्हणजे माझा फोन मला वाचून दाखवील." इतकें साधें मागणें! अंधाच्या वाटेंत धोंडा ठेवूं नये असें प्राचीन धर्मशास्त्रांनीं सांगितलेलें आहे, व आम्हीं तें वर्गांत कित्येकदां शिकविलेंही आहे. मग आमच्या हातचा हा धोंडा आम्हांस कां दिसला नाहीं, हा विचार त्या दिवसापासून मनांतून गेला नाहीं. म्हणून विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें हा विषय मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम हा बोलका फोन म्हणजे काय तें सांगूं. पुष्कळांस असें वाटतें कीं, अंधांचा फोन निराळा व फार महाग असतो. तसें नाहीं. २००९ साली आयफोनमध्यें 'व्हॉइसओव्हर' व त्याच वर्षीं अँड्रॉइडमध्यें 'टॉकबॅक' नांवाची सोय आली. अशा सोयीस स्क्रीन रीडर म्हणतात. तुमच्या खिशांतील फोनमध्येंही ती बहुधा आहेच. फक्त सेटिंगमध्यें जाऊन चालू करावी लागते. ती चालू असतां काचेवर जेथें बोट ठेवावें तेथें काय आहे हें फोन बोलून सांगतो, आणि दोनदां टिचकी मारली म्हणजे तें उघडतो. संगणकासाठीं ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन व जेम्स टे या दोघां अंध तरुणांनीं २००६ पासून 'एनव्हीडीए' नांवाची प्रणाली तयार केली. ती आजही विनामूल्य मिळते. तात्पर्य, अंधाच्या हातीं आज तोच फोन आहे जो डोळसाच्या हातीं आहे.

याचें महत्त्व कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. फ्रान्समधील लुई ब्रेल याची दृष्टि बालपणींच, बापाच्या कारखान्यांतील आरीनें इजा होऊन गेली. त्यानें १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षीं, सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. आपल्या इलाख्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं १९०० साली मुंबईस अंध मुलांची शाळा काढली. तीच आज दादरची कमला मेहता अंधशाळा होय. १९०२ साली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. १९५१ साली भारती ब्रेल निश्चित झाली. मराठी, हिंदी, गुजराती या भाषांतील सारख्या उच्चाराच्या अक्षरास तींत सारखींच टिंबें असतात. या संस्थांचे उपकार थोर आहेत. परंतु त्या काळीं अंध मुलास शिकावयाचें तर घर सोडून वेगळ्या शाळेंत जावें लागे, व वेगळें, जाडजूड पुस्तक वाचावें लागे. दुकानांतील वस्तु, सरकारी कागद, शेजाऱ्याचें पत्र, हें सर्व त्यास बंदच होतें. आज गणेशपुरीचा एक दुकानदार आपल्याच गांवीं, आपल्याच गल्ल्यावर बसून शाळेची सूचना वाचूं शकतो. मात्र ती वाचतां येईल अशी पाठविली पाहिजे.

त्याच दुकानांत दुसरी एक वस्तु आम्हीं पाहिली. गिऱ्हाइकानें मोबाईलवरून पैसे भरतांच "इतके रुपये मिळाले" असें मोठ्यानें सांगणारा साउंडबॉक्स हल्लीं भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सर्वांकडे दिसतो. गर्दींत हात गुंतलेल्या दुकानदारास दर वेळीं फोन पाहावा लागूं नये म्हणून तो घेतला जातो. परंतु आमचे हे गृहस्थ म्हणतात कीं, रोखीपेक्षां त्यांस हाच व्यवहार बिनधोक वाटतो. उलट उदाहरणही आहे. पेलेग्रिनो तुर्री नांवाच्या इटालियन गृहस्थानें १८०८ च्या सुमारास एका अंध सरदारकन्येस पत्रें लिहितां यावींत म्हणून टंकलेखनाचें यंत्र बनविलें. आरंभीच्या टंकयंत्रांपैकीं तें एक होय. आणि टंकयंत्रें पुढें कचेऱ्या-कचेऱ्यांतून डोळसांनींच वापरलीं! एकासाठीं केलेली सोय दुसऱ्याच्या उपयोगीं पडते, हें यावरून दिसेल.

रोखीचा व्यवहार त्यांस कां अवघड वाटतो तेंही ऐकण्यासारखें आहे. जुन्या मालिकेंत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब असे व पांचशेंची १६७. दोहोंत दहा मिलिमीटरांचा फरक बोटांस कळे. २०१६ नंतरच्या मालिकेंत शंभराची १४२, दोनशेंची १४६ व पांचशेंची १५० मिलिमीटर आहे. म्हणजे लागोपाठच्या दोन नोटांत अवघे चार मिलिमीटर! शंभर व त्यावरील नोटांवर बोटांस लागणाऱ्या उठावाच्या खुणा आहेत. शंभरावर त्रिकोण, पांचशेंवर वर्तुळ. परंतु हातोहात फिरून नोट मऊ पडली म्हणजे उठाव झिजतो. रिझर्व्ह बँकेनें १ जानेवारी २०२० रोजीं 'मणी' नांवाचें ॲप काढलें; तें कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची हें बोलून सांगतें, व त्यास इंटरनेट लागत नाहीं. सोय चांगली आहे. तथापि सणाच्या दिवशीं, गिऱ्हाईक घाई करीत असतां, एका हातांत नारळ व दुसऱ्या हातांत फोन धरून नोट ओळखणें कसें असेल याची कल्पना करा. २०१९ साली निघालेलें वीस रुपयांचें बारा कडांचें नाणें मात्र बोटांस पटकन ओळखूं येतें. कारण त्याची ओळख त्याच्या घडणींतच आहे. मागाहून जोडलेली मदत व मुळांत केलेली सोय यांतील हा भेद आहे, आणि आमच्या सर्व विवेचनाचें सार त्यांत आलें.

या दृष्टीनें पाहतां आपल्या घरांतील कित्येक वस्तूंची गति उलट्या दिशेनें चालली आहे. पूर्वीच्या धुलाईयंत्रास फिरवावयाची खुंटी असे. ती कट्‌कट् आवाज करीत फिरे, आणि कितव्या घरावर आली हें डोळे मिटूनही समजे. आज तेथें गुळगुळीत काच आली आहे. विजेच्या शेगडीवर, पाणी गाळण्याच्या यंत्रावर, लिफ्टमध्यें, सर्वत्र सपाट काच! बोटास कोठेंही उंचवटा लागत नाहीं. जी गृहिणी दृष्टि नसतां वीस वर्षें निर्धास्त स्वयंपाक करीत आली, तिला नवी शेगडी घरांत येतांच शेजारणीस हांक मारावी लागते. तिच्या डोळ्यांत कांहीं नवा बिघाड झालेला नाहीं. वस्तु बदलली, व त्या बदलानें तिला परावलंबी केलें.

यावर कारखानदारांचें म्हणणें असें असूं शकेल कीं, सपाट काच पुसावयास सोपी, तींत पाणी शिरत नाहीं, व तिचा खर्चही कमी येतो. हें म्हणणें खोटें नाहीं. व प्रत्येक यंत्रास वाचा द्यावी असा आमचाही हट्ट नाहीं. परंतु काचेवर चार ठिकाणीं उठावाचें टिंब ठेवणें, दर बटणास निराळा ध्वनि देणें, किंवा तेंच यंत्र बोलक्या फोनवरून चालवितां येईल असें करणें, यांत मोठा खर्च तो काय? घर बांधतांना उंबरा सखल ठेवणें स्वस्त पडतें. घर बांधून झाल्यावर तो फोडणें महाग पडतें. कोणी म्हणेल, अशीं माणसें किती? आम्ही विचारतों, तुमच्या आजोबांस औषधाच्या पुडीवरील बारीक अक्षर वाचतां येतें काय? मोतीबिंदु, मधुमेह व वार्धक्य हीं कोणाच्या घरीं विचारून येत नाहींत.

कायद्यानेंही या गोष्टीची दखल घेतली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याच्या ४३ व्या कलमानें, नित्य वापराच्या वस्तु सर्वांस वापरतां येतील अशा घडणीच्या निघाव्यात म्हणून उपाय योजण्याचें काम सरकारवर सोंपविलें आहे. बँकेंत ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावे लागतात, व अंध मनुष्य तेथेंच अडतो. या प्रश्नावर ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, आणि अशा सेवांपर्यंत पोंचतां येणें हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय असें ठरविलें. हा निकाल मोठा आहे. परंतु दिल्लीचा निकाल आमच्या फाटकापर्यंत चालत येणार नाहीं. त्या पावसाळी रात्रीं कोणत्याही कारखानदारानें कांहीं बिघडविलें नव्हतें; फोन बोलण्यास सिद्ध होता. मुकें होतें तें आमचें पत्रक!

येथें आमच्या मराठी भाषेपुरता एक विशेष दोष सांगितला पाहिजे. कित्येक छापखान्यांतून व कचेऱ्यांतून अद्यापि जुन्या पद्धतीच्या फाँटांत मराठी जुळविली जाते. अशा फाँटांत डोळ्यांस 'शाळा' दिसतें, परंतु संगणकाच्या पोटांत भलत्याच रोमन अक्षरांची व चिन्हांची रांग असते; स्क्रीन रीडर ती रांगच वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या पदरीं अर्थहीन गोंगाट पडतो. युनिकोड पद्धतींत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तोच मजकूर यंत्रास नीट वाचतां येतो. ही पद्धति १९९१ पासून उपलब्ध आहे. चित्रांतील छापील अक्षरें ओळखणारीं ॲप्सही आतां निघालीं आहेत. परंतु आमच्यासारख्याचें घाईंतील हस्ताक्षर पाहून तीं गोंधळतात, आणि त्यांस दोष देण्याइतकें आमचें अक्षर चांगलें नाहीं. हा आमचा वार्षिक अंकही आजवर जुन्याच फाँटांत निघत आला. म्हणजे ज्या पालकाची मुलगी या अंकांत निबंध लिहिते, त्यास तो निबंध तिच्याशिवाय कळूं शकत नाहीं. ही गोष्ट लिहितांना आम्हांस लाज वाटते.

एक इशाराही देणें आमचें कर्तव्य आहे. फोन बोलूं लागला म्हणून ब्रेल लिपीची गरज संपली असें कोणीं समजूं नये. जें मूल केवळ ऐकतें, त्यास 'दिन' व 'दीन' यांतील भेद बोटांनीं किंवा डोळ्यांनीं वाचल्याशिवाय पक्का होत नाहीं. मग गणिताची मांडणी तर दूरच. ऐकणें हें वाचनाचें साह्य आहे. शिकत्या मुलास दोन्ही हवीं.

आतां आपण काय करावें? दर वर्षीं स्नेहसंमेलनाच्या वेळीं अंधांसाठीं वर्गणी गोळा करण्याची सूचना येते. वर्गणीस आमचा विरोध नाहीं. ब्रेलचे कागद व पुस्तकें यांस पैसा लागतोच. परंतु वर्गणी देऊन मन मोकळें झालें म्हणजे आपल्या रोजच्या वागण्याकडे दुर्लक्ष होतें, असा आमचा अनुभव आहे. म्हणून आधीं ज्यास पैसा लागत नाहीं तें करावें. शाळेची प्रत्येक सूचना युनिकोडमध्यें टाईप करून पाठवावी. चित्र पाठविणें भागच असेल तर त्याखालीं दोन ओळींत त्याचें वर्णन लिहावें. पुढील वर्षापासून या अंकाचा मराठी विभाग युनिकोडमध्यें जुळवावा, व त्याची प्रत मागणाऱ्या पालकांच्या फोनवर धाडावी. चिटणीस-मंडळापुढें आम्हीं तसा लेखी प्रस्ताव ठेविला आहे. पालकांनीं नवें यंत्र घेतांना दुकानांतच क्षणभर डोळे मिटून तें चालतें का पाहावें, आणि न चाललें तर दुकानदारास तसें स्पष्ट सांगावें. गिऱ्हाइकांच्या तोंडची तक्रार वारंवार ऐकूं आली म्हणजे ती कारखान्यापर्यंत जाते. विद्यार्थ्यांनीं एक सायंकाळ आपल्या फोनची बोलकी सोय चालू करून, पडदा न पाहतां, एक निरोप वाचून पाहावा. आम्हीं तसें करून पाहिलें. पहिला निरोप सांपडावयास आम्हांस जवळजवळ पाव तास लागला. आणि जो सांपडला तो आमच्याच एका सहकाऱ्यानें पाठविलेल्या वेळापत्रकाचें छायाचित्र होता!

त्या दिवसानंतर शाळेस आणखी दोनदां पावसामुळें सुटी द्यावी लागली. दोन्ही वेळां आम्हीं सूचना टाईप करून धाडली, आणि दोन्ही वेळां ग्रूपवर सर्वांत आधीं "कळलें, सर" असें उत्तर आलें तें गणेशपुरीहून. प्रस्तुत लेख आम्हीं छापखान्यांत धाडण्यापूर्वीं त्याच फोनवर पाठविला आहे. त्यांत चुका असतील तर त्या सांगणारे पहिले वाचक तेच असावेत, अशी आमची इच्छा आहे.