पाखराच्या नावाचे नगर

नाझरेथ हे नाव आमच्या वाचकांच्या घरी लहान मुलांच्याही तोंडी असते. परंतु त्या खेड्यापासून अवघ्या ६ किलोमीटरांवर गालील प्रांताचे एक वैभवशाली नगर उभे होते, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. त्याचे नाव सेप्फोरिस. यहुदी लोक त्यास सिप्पोरी म्हणत. इब्री भाषेत 'सिप्पोर' म्हणजे पाखरू. डोंगरमाथ्यावर पाखरू बसावे तसे ते वसले होते, म्हणून हे नाव, असे तालमूद ग्रंथात सांगितले आहे. शुभवर्तमानांत मात्र त्याचा एकदाही उल्लेख नाही.

इ. स. पूर्व ४ मध्ये थोरला हेरोद मरण पावताच यहूदा नामक पुढाऱ्याने येथील राजशस्त्रागार लुटून बंड उभारले. सीरियाचा रोमन सुभेदार व्हारुस याच्या सैन्याने नगर जाळून रहिवाशांस गुलाम केले, असे इतिहासकार जोसेफस लिहितो. पुढे हेरोद अंतिपा याने ते नव्याने बांधविले. प्रभू येशूचे बालपण नाझरेथात गेले, तो हाच काळ. संत योसेफ सुतार होते असे आपण म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बांधकामाचा कारागीर असाही होतो. म्हणून त्यांचे हात या नगराच्या कामास लागले असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

उत्खननात या नगराची दोन रूपे दिसून आली. एक रूप रोमन थाटाचे. दुसऱ्या शतकात बांधलेल्या मुख्य रस्त्याच्या दुतर्फा खांबांच्या रांगा व दुकाने होती. त्याच्या फरसबंदीवर गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात. डोंगराच्या उतारावर सुमारे ४,००० प्रेक्षक बसतील असे नाट्यगृह होते. दुरून पाटाने आणलेले पाणी साठविण्यासाठी खडकात सुमारे २६० मीटर लांबीचा हौद खोदलेला आहे.

दुसरे रूप घरांच्या आत होते. भिंतीस भिंत लागून असलेल्या घरांत, खडकात पायऱ्या खोदून व चुन्याचा गिलावा करून, शुद्धिस्नानाची कुंडे केलेली आढळली. दगडास विटाळ होत नाही, अशी यहुद्यांची समजूत. म्हणून त्यांच्या घरी दगडी भांडी असत. काना गावच्या लग्नातील सहा दगडी रांजणांचे कारण येथे उमगते. रस्ता कैसराचा, परंतु चूल आणि अंगण मोशेच्या नियमशास्त्राचे, अशी ती वस्ती होती.

इ. स. ६६ मध्ये रोमविरुद्ध युद्ध पेटले, तेव्हा सेप्फोरिसने वेशी उघडून रोमन सैन्यास आत घेतले. जवळच्या योदफात नगराने ४७ दिवस झुंज दिली आणि ६७ साली त्याचा नाश झाला. सेप्फोरिसने मात्र आपल्या नाण्यांवर 'शांतिनगर' अशी अक्षरे कोरविली. स्वजनांनी त्यांस फितूर म्हटले असेल, तर नवल नाही. परंतु सत्तर वर्षांपूर्वीच्या आगीची कथा आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या घरांस दोष देण्यापूर्वी आम्ही क्षणभर थांबू. ही शांती फुकटची नव्हती. शेजाऱ्यांच्या प्रेतांकडे पाहत ती पत्करावी लागली. ते शल्य इतिहासाच्या कोणत्याही हिशेबाने पुसले जात नाही.

तरीही पुढे जे घडले तेही ध्यानात घेतले पाहिजे. ७० साली यरुशलेमचे मंदिर भस्मसात झाले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी रब्बी यहूदा हान्नासी यांनी याच सेप्फोरिसमध्ये आपली अखेरची वर्षे घालविली. इ. स. २०० च्या सुमारास त्यांनी यहुदी नियमपरंपरा 'मिश्ना' या ग्रंथात एकत्र केली. मंदिर नव्हते, तेव्हा धर्म घरात, पाठशाळेत व ग्रंथात जगला.

१९९३ साली येथे पाचव्या शतकातील एका यहुदी सभास्थानाची रंगीत खड्यांची फरशी सापडली. तीत बारा राशींच्या मधोमध सूर्याचा रथ आहे. परकीयांच्या चित्रांत त्या रथावर सूर्यदेवाची मूर्ती असे. येथे कारागिराने रथ घेतला, घोडे घेतले, परंतु मूर्तीच्या जागी केवळ सूर्यबिंब व त्याचे किरण रेखिले. परक्यांचे काय घ्यावे व कोठे थांबावे, हे त्या घरांनी आपल्या परीने ठरविले होते. आपल्या घरांतही हा निर्णय रोज होत असतो. मग तो समजून-उमजून व्हावा, एवढेच आमचे म्हणणे.