गंधकाशेजारी सोरा नको



८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. सहा बाया त्याच दिवशी गेल्या, पुढे इस्पितळात आणखी दगावल्या. पावसाने खंड दिला की आपलीही पोरे आणि सुना तळवडे-चाकणच्या शेडांत हजेरीवर उभी राहतात. तेव्हा ही पुण्याकडची बातमी म्हणून सोडता येत नाही. शिवाय त्याच जातीचा माल आपल्या घरातही आहे.

फुलबाजीत धातूचा चुरा असतो आणि त्याला प्राणवायू पुरवणारा क्षार असतो. बोंडे भरताना कपाशीवर आपण १३:००:४५ फवारतो, ते याच जातीचे. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे जुन्या लोकांचा सोरा. वजनात जवळजवळ निम्मा प्राणवायू. तो स्वतः जळत नाही, शेजारच्या आगीला मात्र भडकवतो. आणि ज्वारीच्या बियाण्याला काणीसाठी चोळायचे गंधक बहुतेक घरांत त्याच कोनाड्यात! सोरा, गंधक, कोळसा. बंदुकीच्या दारूला चौथे काही लागत नाही.

१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम विरघळले की आगीची भीती नाही. भीती कोरड्या पिशवीची. ती कापूस, कडबा, डिझेल आणि गंधक यांच्यापासून वेगळ्या, कोरड्या जागी ठेवा. सांडले तर भुसा टाकून झाडू नका. भरून घ्या, जागा पाण्याने धुवा. फवाऱ्याने भिजलेले धडपे, गोणपाट न धुता वाळवले तर ठिणगीसरशी भडकतात. आग लागलीच तर माती किंवा गोधडी टाकून ती कोंडत नाही, तिचा वारा तिच्या पोटातच आहे. लांबून भरपूर पाणी मारा, धुरात शिरू नका. तो तपकिरी धूर विषारी असतो. युरियाचे असे नाही, उगाच सगळी खते अंगणात काढू नका.

पिवळ्या चौकोनात वर्तुळावर ज्वाळा असे चित्र गोणीवर दिसले की समजावे. दुकानदार आपणहून सांगत नाही, त्याला विचारा.

शेडवर जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी पाहावे: माल कसला, परवाना कुठे लावला आहे, बाहेर पडायला दुसरे दार आहे का. गावातून कोण कोण अशा कामावर आहे, त्यांची यादी येत्या जिल्हा बैठकीला घेऊन या.