नेता गेल्यानंतरची कोकण रेल्वे

विशेष प्रतिनिधी

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये संमती दिली आणि अनेक वर्षे रेंगाळलेल्या या प्रश्नातील एक मोठा अडसर दूर झाला. गोवा, कर्नाटक आणि केरळ या अन्य भागीदार राज्यांनी आपला होकार आधीच कळविला होता. महाराष्ट्राने संमती देताना दोन अपेक्षा व्यक्त केल्या. विलीनीकरणानंतरही ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतविलेले सुमारे ३९४ कोटी रुपये परत मिळावेत. नाव आणि पैसा या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. तथापि या मार्गावरचे निर्णय यापुढे कोण घेणार आणि ते कोठे बसून घेतले जाणार, हा तिसरा प्रश्न जाहीर चर्चेत जवळजवळ आलाच नाही. या संस्थेचा साडेतीन दशकांचा इतिहास पाहता तोच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, असे म्हणणे वावगे ठरू नये.

याचे कारण असे, की कोकण रेल्वे ही केवळ रुळांची गोष्ट नाही. एकाच संस्थेत, एकाच मार्गावर, निरनिराळ्या वृत्तीच्या माणसांनी नेतृत्व केले तर काय घडते, याचा हा दुर्मीळ नमुना आहे. भूगोल तोच, पाऊस तोच, कर्मचारी बहुतांशी तेच. बदलत गेली ती काम करवून घेण्याची रीत.

या मार्गासाठी अ. ब. वालावलकर आणि बॅ. नाथ पै यांच्यापासून अनेकांनी हयात घालविली. मात्र योग जुळून आला तो विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधू दंडवते आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे हे तिघेही या किनारपट्टीशी नाते सांगणारे होते. रेल्वेच्या अंदाजपत्रकातून दरवर्षी थोडेथोडे पैसे मिळाले असते तर मार्ग कधी पूर्ण झाला असता, हे सांगता येणार नाही. म्हणून स्वतंत्र महामंडळ काढावे आणि रोखे विकून पैसा उभारावा, असे ठरले. १९ जुलै १९९० रोजी महामंडळाची नोंदणी झाली. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांना अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक नेमण्यात आले. १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालेला पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा करणारे अभियंते, ही त्यांची तोवरची ओळख होती.

श्रीधरन यांची शिस्त, त्यांनी ठिकठिकाणी लावलेली उलटी मोजणारी घड्याळे, हे सारे आता दंतकथेसारखे सांगितले जाते. खरा मुद्दा त्याहून साधा आणि अधिक कठीण आहे. त्यांनी रोहा ते मंगळूर हा मार्ग सुमारे शंभर किलोमीटरच्या सात भागांत विभागला आणि प्रत्येक भागावर एक मुख्य अभियंता नेमला. जागेवरचे निर्णय जागेवरच व्हावेत, फाईल मुख्यालयात फिरू नये, हा हेतू होता. कंत्राटदाराचे देयक अडवून ठेवायचे नाही, हा दुसरा दंडक. आपल्याकडे सरकारी काम ज्या दोन गोष्टींमुळे रखडते, नेमक्या त्याच दोन गोष्टींवर त्यांनी हात घातला. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जागा मिळवायची होती. तेथेही केवळ नोटीस बजावण्याऐवजी गावोगावी जाऊन बोलणी करण्यावर भर होता, आणि जमीन गेलेल्या कुटुंबांतील तरुणांना नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण होते. वरून हुकूम सोडणारा कडक साहेब, एवढीच त्यांची प्रतिमा रंगविली जाते ती म्हणूनच अपुरी आहे. ध्येय आणि मुदत याबाबत ते कोणाचे ऐकत नसत, परंतु मार्ग कसा काढायचा हे खालच्या माणसावर सोपवीत.

अर्थात सारे वेळेत झाले, हाही एक गोड गैरसमज आहे. मूळ संकल्प पाच वर्षांचा होता, प्रत्यक्षात सातहून अधिक वर्षे लागली. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले, काम काही काळ थांबवावे लागले आणि न्या. ओझा यांच्या आयोगाकडे तो वाद गेला. पेडण्याच्या बोगद्यात कठीण खडकाऐवजी ओली, भुसभुशीत माती लागली. ती खणावी तशी ढासळत असे. एवढ्या एका बोगद्याने अभियंत्यांची अनेक वर्षे खाल्ली. या मार्गाच्या कामात ज्या कामगारांनी प्राण गमावले त्यांचे स्मारक रत्नागिरीत आहे. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण झाला. ९१ बोगदे, लहानमोठे दोन हजारांहून अधिक पूल आणि सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये खर्च. यातील बहुतेक रक्कम कर्जाऊ होती. काम रखडले तसतसे व्याज चढत गेले.

येथपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते. व्यवस्थापनाच्या वर्गांतही ती येथेच संपते. आमच्या मते ती येथे सुरू होते.

खोलीतून साहेब बाहेर पडल्यावर

नेतृत्वाच्या शैलींचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. १९३९ मध्ये कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळकरी मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केले. काही गटांना हुकूमशाही वृत्तीचा म्होरक्या दिला, काहींना सल्लामसलत करणारा, तर काहींना सारे मुलांवर सोडून देणारा. हुकमत गाजविणारा म्होरक्या समोर असेतोवर त्याच्या गटाचे काम जोरात चाले, परंतु तो खोलीबाहेर गेला की मंदावे. सल्लामसलतीच्या गटातील मुले तो नसतानाही काम करीत राहात. मुखवटे बनविणाऱ्या मुलांवरून रेल्वेविषयी अनुमान काढणे धाडसाचे आहे, हे मान्य. तरीही नेता असताना काय होते यापेक्षा तो गेल्यावर काय उरते, ही कसोटी आजही लागू पडते.

श्रीधरन १९९७ मध्ये दिल्ली मेट्रोत गेले. कोकण रेल्वेत तयार झालेले काही अभियंतेही त्यांच्यामागे गेले. मागे राहिली ती पूर्ण झालेला मार्ग, कर्जाचा डोंगर आणि बांधकामाची सवय लागलेली संस्था. अपेक्षेइतकी मालवाहतूक मिळाली नाही. प्रवासी गाड्या भरभरून धावत, पण प्रवासी भाड्यातून रोख्यांचे व्याज फिटत नसते. पुढे कर्जाची फेररचना करावी लागली.

नव्या शतकाच्या सुरुवातीला व्यवस्थापकीय संचालक असलेले बी. राजाराम हे वेगळ्याच प्रकृतीचे होते. ते संशोधक वृत्तीचे. मालाने भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि ती यशस्वी ठरली. घाटात इंधन जाळणारा ट्रक रुळावरून न्यावा, ही कल्पना साधी होती आणि तिच्यात पैसाही होता. गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेवरही याच संस्थेत काम झाले. परंतु खांबांवरून लटकत धावणाऱ्या ‘स्कायबस’चा हट्ट महागात पडला. २५ सप्टेंबर २००४ रोजी मडगाव येथे चाचणीच्या वेळी अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला. कल्पक नेत्याच्या हाताखाली संस्था जिवंत राहते, हे खरे. मात्र कल्पकतेला नाही म्हणणारे कोणी नसेल तर काय होते, तेही मडगावला दिसले.

याच काळात दुसरीकडे अधिक भीषण इशारे मिळत होते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे सुटीची विशेष गाडी घसरली आणि सुमारे पन्नास जण मृत्युमुखी पडले. वर्ष उलटते न उलटते तोच, १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात होऊन पुन्हा प्राणहानी झाली. दोन्ही अपघात पावसाळ्याच्या तोंडी झाले होते. डोंगर कापून वेगाने बांधलेल्या मार्गावर उभ्या कातळाच्या भिंती उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांची निगा हे काम उलट्या घड्याळावर होणारे नव्हते. त्याला अंतिम तारीखच नसते.

येथून पुढे संस्थेने जे केले त्याला ना मथळे मिळाले, ना पद्म पुरस्कार. दरवर्षी पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आणि कमी केलेला वेग. दरडप्रवण कापांवर रात्रंदिवस गस्त. लोखंडी जाळ्या, उतार कमी करणे, सैल दगड आधीच पाडून टाकणे. प्रवासी मात्र पावसाळी वेळापत्रकाला शिव्या घालतो, कारण मांडवी एक्स्प्रेस उशिरा पोहोचते. दोन हजारच्या दशकातील त्या दोन अपघातांच्या तोडीचा दरडीचा अपघात या मार्गावर पुन्हा झालेला नाही. हे यश कोणा एका नेत्याच्या नावावर लिहिता येत नाही, आणि मला वाटते, तीच त्याची खूण आहे. भर पावसात हातात दिवा घेऊन रूळ तपासणारा ट्रॅकमन संशय आला तर गाडी थांबवू शकतो, आणि थांबवल्याबद्दल त्याला जाब विचारला जात नाही, ही शिस्त रुजायला एखाद्या कर्तबगार साहेबाचा दरारा पुरत नाही. उलट दरारा असेल तर माणूस गाडी थांबवायला कचरतो.

दिल्लीचा दाखला

दिल्लीत श्रीधरन यांनी तीच पद्धत अधिक अनुकूल परिस्थितीत वापरली. पहिल्या टप्प्याचे ६५ किलोमीटर २००५ मध्ये ठरल्या मुदतीच्या आधी पूर्ण झाले. जुलै २००९ मध्ये झमरुदपूर येथे बांधकाम सुरू असलेला भाग कोसळला तेव्हा त्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, हा भाग वेगळा. २०११ च्या अखेरीस ते निवृत्त झाल्यावर मंगू सिंग यांनी सूत्रे घेतली आणि दहा वर्षांहून अधिक काळ सांभाळली. तिसऱ्या टप्प्याची मुदत हुकली, हे खरेच. पण मेट्रो कोलमडली नाही. त्यामागे तीन गोष्टी दिसतात: नेत्याला मिळालेला दीर्घ कार्यकाळ, संस्थेच्या आतून तयार झालेला वारसदार आणि निर्णयाचे स्वातंत्र्य. पैकी स्वातंत्र्य महामंडळाच्या रचनेतून आले होते, श्रीधरन यांच्या स्वभावातून नव्हे.

कोकण रेल्वेने उत्पन्नासाठी बाहेरची कामे घेतली. त्यांतील सर्वांत मोठे काश्मीरचे. कटरा ते बनिहालच्या दिशेने जाणाऱ्या मार्गाच्या आखणीवर खुद्द श्रीधरन यांनी गंभीर आक्षेप घेतले होते. ती आखणी सुरक्षित नाही, असे त्यांचे मत होते. तरीही काम पुढे गेले. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा, १३१५ मीटर लांबीचा चिनाब पूल ६ जून २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाला आणि तो उभारण्यात कोकण रेल्वेचा पुढाकार होता. संस्थापकाचा सल्ला बाजूला ठेवून संस्थेने आपले सर्वांत अवघड काम पार पाडले. यात त्यांचा अनादर शोधण्याचे कारण नाही. संस्था वयात आल्याचे हे लक्षण आहे. आखणीविषयीच्या शंकांचा निकाल अर्थात येत्या काही दशकांतील पाऊस आणि भूकंपच लावतील.

घरच्या मार्गाची गत मात्र निराळी. संपूर्ण विद्युतीकरण २०२२ मध्ये झाले. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुपदरी झाला. वीरच्या पुढे रत्नागिरी, सावंतवाडी, गोवा अशी मुख्यतः एकेरी वाट. गणपतीत दोनशेहून अधिक जादा गाड्या सोडल्याच्या घोषणा होतात आणि चाकरमानी क्रॉसिंगसाठी कुठल्याशा आडस्थानकात तासभर खोळंबतो. दुपदरीकरणाला लागणारा पैसा महामंडळाच्या आवाक्यात नाही आणि विलीनीकरणाचा मुख्य युक्तिवाद हाच आहे. तो खोटा नाही. रेल्वेच्या अंदाजपत्रकातून निधी मिळू लागला तर कोकणचे भलेच होईल.

परंतु निधीबरोबर रेल्वेची कार्यसंस्कृतीही येते. विभागीय रेल्वेचा महाव्यवस्थापक सामान्यतः निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्या पदावर पोहोचतो आणि त्याला वर्ष-दोन वर्षे मिळतात. स्थापत्य, यांत्रिकी, वाहतूक अशा खात्याखात्यांतील भिंतींविषयी विवेक देवराय समितीने २०१५ मध्ये परखड लिहिले होते. त्या पाडण्यासाठी आठ सेवांचे एकत्रीकरण करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०१९ मध्ये घेतला. जुन्या सवयी इतक्यात जातील असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

९ जुलै २०२४ च्या रात्री पेडण्याच्या त्याच बोगद्यात जमिनीतून पाणी उसळू लागले आणि वाहतूक बंद पडली. ऑगस्ट २०२० मध्येही तेथे भिंत कोसळली होती. दोन्ही वेळा गाड्या अन्य मार्गांनी वळवाव्या लागल्या. त्या रात्री मार्ग बंद करणारा, दुरुस्तीला हात घालणारा आणि पुन्हा गाडी सोडण्याची जोखीम घेणारा, अशा तिघांच्या मध्ये बेलापूरचे एकच कार्यालय होते. विलीनीकरणानंतर ७४१ किलोमीटरचा हा मार्ग एकसंध, स्वतंत्र विभाग म्हणून राहणार, की मध्य, दक्षिण-पश्चिम आणि दक्षिण रेल्वे यांच्यात वाटला जाणार? राज्य सरकारने नावाची अट घातली तशी याविषयीही अट घालता आली असती. महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांतील कोकणच्या लोकप्रतिनिधींनी निदान एवढे तरी रेल्वे मंत्रालयाकडून लेखी मागवून घ्यावे.