‘सेमच आहे’ म्हणून पार्ट विकू नका

स्पेअर पार्टचं दुकान टाकायचंय ना? मग सांगा, कुणी ‘राजदूत ३५०’चं सिलिंडर मागितलं तर पहिला प्रश्न काय विचाराल? माझ्या मते एकच: एचटी की एलटी?

एस्कॉर्ट्सने ही ३४७ सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल १९८३ मध्ये आणली. आधीची एचटी, म्हणजे हाय टॉर्क, ३०.५ बीएचपीची. मायलेज वाढावं म्हणून १९८५च्या सुमारास लो टॉर्क एलटी आली, ती साधारण २७ची. नवख्याला दोन्ही सारख्याच दिसतात. खरा फरक सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये.

काही दुकानदार म्हणतात, “बसतंय ना? मग विका.” मला हे अजिबात पटत नाही. पार्ट बसणं वेगळं, गाडी नीट चालणं वेगळं. आपल्या तुडील-महाड-पोलादपूर पट्ट्यात गिऱ्हाईक मोजकं. एक फसलं की दहा गावांत बोंब होते. एचटी सांगून एलटीचा पार्ट खपवणारा एकदाच कमावतो.

म्हणून बिलावर मॉडेल लिहा. जुना पार्ट मागवून शेजारी ठेवून बघा. खात्री नसेल तर “विचारून सांगतो” म्हणा. स्कूटर असो, पंप असो की मिक्सर, हाच नियम लावा. आज एक विक्री हुकेल, पण गिऱ्हाईक टिकेल.