मालाला भाव नाही, मग मताला भाव येतो

खेड्यातला माणूस जातीवर मत देतो, असे म्हणून शहाणी माणसे मोकळी होतात. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. तो असे का करतो, तेही पाहिले पाहिजे.

आपल्या वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. २०२१ च्या ऑगस्टमध्ये विदर्भाच्या बाजारात क्विंटलचा भाव १०,००० रुपयांच्या आसपास गेला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणण्यास परवानगी दिली. नवा माल निघाला तेव्हा भाव कोसळला होता. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात तेवढेही मिळाले नाहीत.

नुसता पैसा गेला असता तर कास्तकाराने सोसले असते. पण पतही गेली. ज्याच्या घरी सालदार राबत, त्याचा मुलगा शहरात चौकीदारी शोधतो. शेती करणाऱ्या पोराला सोयरीक येत नाही. हा दुखावलेला मान पुढारी बरोबर हेरतो. भाव देणे त्याला जड जाते, मान देणे फुकटात होते. तो झेंडा देतो, मिरवणूक काढतो आणि शेजारच्या वस्तीच्या सवलतींकडे बोट दाखवतो. २०१६ च्या मराठा मोर्चांत शेतमालाच्या भावाची मागणी होती, तशी ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याचीही होती. गावात भांडण पेटले ते दुसऱ्या मागणीवरून.

म्हणून सोयाबीनचा भाव हा फक्त वावरवाल्याचा प्रश्न नाही. भाव पडला की सोंगणीची मजुरी अडते आणि राग आपल्याच वस्तीवर निघतो.

बाबासाहेबांनी यावर वाट दाखवली आहे. त्यांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचे बिल मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. त्या लढ्यात कोकणातले कुणबी आणि महार एकत्र होते. जातीचा अन्याय त्यांनी विसरला नव्हता, पण पोटाचा प्रश्न दोघांचा आहे हे ओळखले होते.

२०२४ च्या विधानसभा प्रचारात सोयाबीनला एका बाजूने ६,००० तर दुसऱ्या बाजूने ७,००० रुपये कबूल केले गेले. म्हणजे मतदार रागावला की भावाची भाषा पुढाऱ्यालाही येते. तेव्हा ग्रामसभेत आपणच उठून विचारू या, की कबूल केलेल्या भावाचे काय झाले? अपमान करणाऱ्याला कायद्याने उत्तर देऊच. पण बाजार समितीच्या दारात भाव मागणारा कास्तकार एकटा पडता कामा नये.