शाळेची पायवाट

शाळा भरण्यापूर्वीची पंधरा मिनिटे आणि शाळा सुटल्यानंतरची पंधरा मिनिटे, एवढ्या अर्ध्या तासात तालुक्याच्या कोणत्याही गावाचे अर्थकारण प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर उभे राहून वाचता येते. भिवापूर त्याला अपवाद नाही. एकेका दुचाकीवर पुढे एक मूल, मागे एक मूल आणि मध्ये दप्तरे. ऑटोरिक्षात दाटीवाटीने बसविलेले विद्यार्थी. खासगी शाळांच्या पिवळ्या गाड्या. आणि या साऱ्यांच्या मधून अंग चोरून वाट काढणारी, पायी येणारी काही मुले. ज्यांच्या घरी गाडी नाही, अथवा असली तरी ती बाप पहाटेच कामावर घेऊन जातो, त्यांचीच ही मुले बहुधा असतात. गर्दीत त्यांनी घातलेली भर शून्य. तिच्यापासूनचा धोका मात्र सर्वांत अधिक त्यांनाच. कोणी न ठरविताच झालेली ही वाटणी आहे आणि म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

एका पिढीपूर्वी शाळेत पायी जाणे ही सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. गल्लीतील मुले एकमेकांना हाका मारीत निघत, आणि पाचवीतल्या मुलीच्या बोटाला धरून पहिलीतला भाऊ जाई. आज पायी येणे हे ऐपत नसल्याचे लक्षण ठरू लागले आहे. जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरील शाळेत मुलाला गाडीवर पोहोचविणारा पालक अंतराला भीत नाही. ‘याच्या घरी गाडी नाही का?’ या प्रश्नाला तो भितो. प्रतिष्ठेचा हा खर्च हिशेबाच्या वहीत कोठेच मांडला जात नाही.

तो मांडून पाहण्यासारखा आहे. शाळा घरापासून दोन किलोमीटर धरली, तर सकाळी सोडून परतणे आणि दुपारी आणावयास जाणे मिळून रोज आठ किलोमीटर होतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० दिवस शाळा चालावी लागते. म्हणजे वर्षाकाठी १,६०० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर चालणाऱ्या दुचाकीला त्यासाठी ३२ लिटर पेट्रोल लागते आणि पेट्रोलने लिटरमागे शंभरी केव्हाच ओलांडली आहे. परंतु तीन-साडेतीन हजारांची ही रक्कम या हिशेबातील लहान बाजू होय. प्रत्येक खेपेला वीस मिनिटे गेली, तर वर्षात सुमारे १३३ तास, म्हणजे आठ तासांचे सोळा दिवस, केवळ पोहोचविण्या-आणण्यात जातात. मासिक वेतन घेणाऱ्या कारकुनाला हे सोळा दिवस जाणवत नाहीत. ज्या मिरचीने भिवापूरचे नाव दूरवर नेले आणि जिला भौगोलिक मानांकनही लाभले, तिच्या तोडणीला रोजाने जाणाऱ्या बाईला ते पुरेपूर जाणवतात. म्हणूनच तिचे मूल एकटे चालत येते.

येथे एक जुनी अर्थशास्त्रीय अडचण आहे. रस्ता धोक्याचा म्हणून एक पालक मुलाला गाडीवर आणतो. त्याच्या गाडीमुळे रस्ता दुसऱ्या मुलासाठी किंचित अधिक धोक्याचा होतो. दुसराही पालक गाडी काढतो, मग तिसरा. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज फाटकासमोरच्या कोंडीत होते. गाडी काढणारा पेट्रोलचे पैसे देतो; दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला आलेल्या धोक्याचे मोल तो देत नाही. अशा ठिकाणी केवळ उपदेशाने काही घडत नाही, कारण एकट्याने गाडी घरी ठेवणारा पालक स्वतःच्याच मुलाला इतरांच्या गाड्यांपुढे उभे करतो.

पालकांची भीती खोटी म्हणून झटकून टाकणे त्यामुळे उचित होणार नाही. नागपूरहून उमरेडमार्गे नागभीडकडे जाणारा महामार्ग भिवापुरातून जातो. शाळेकरिता तो ओलांडावा लागणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला चालण्याचे आरोग्यविषयक फायदे सांगणे ही क्रूर थट्टा होय. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. तिने शिकावयास जाणाऱ्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनाही तेव्हापासून हाच रस्ता उरला. तालुक्याचा काही भाग तर २०१२ साली घोषित झालेल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. जंगलाच्या कडेच्या गावातील मुलाने पहाटेच्या अंधुक उजेडात पायी निघावे, असे नागपुरात बसून कोणी लिहू नये. तेथे वाहन हवेच, आणि ते शासनाने द्यावयास हवे. विदर्भाच्या उन्हाचे वेगळे सांगावयास नको. त्याच्याच धाकाने येथील शाळा राज्यातील इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. मात्र रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे प्रथम तोडावयाची आणि नंतर ‘उन्हात मुलाला कसे चालवावे?’ असे विचारावयाचे, यातील विसंगतीही कोणी तरी लक्षात घ्यावी.

परंतु या प्रश्नाचे मूळ रस्त्याहून खोल आहे. मूल कोणत्या शाळेत जाते, यावर ते कसे जाते हे ठरते. कोठारी आयोगाने १९६६ सालीच शेजारशाळेची शिफारस केली होती: परिसरातील सर्व मुलांनी, मग ती सावकाराची असोत वा शेतमजुराची, परिसरातील एकाच शाळेत शिकावे. ती शिफारस कागदावरच राहिली. २०११ च्या राज्य नियमांनी प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरविले. तरीही इंग्रजी माध्यमाच्या ओढीने मुले दाराजवळच्या जिल्हा परिषद शाळेवरून पुढे निघून जातात. पालकांना दोष देण्यापूर्वी त्या शाळेत शिक्षक पुरेसे आहेत काय, हे विचारणे रास्त होईल. आणि शासनाची दिशा तरी कोणती? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव २०२३ साली मागविण्यात आले. अशा शाळांची संख्या राज्यात सुमारे १५ हजार सांगितली गेली. वाहनव्यवस्था करू, असे आश्वासन सोबत आहेच. म्हणजे जी मुले आज पायी जातात, त्यांनाही गाडीवर अवलंबून करावयाचे आणि तिला सुधारणा म्हणावयाचे! ज्या दिवशी गाडी येणार नाही, त्या दिवशी शाळा बुडणार, आणि मुलींची प्रथम बुडणार.

सायकलीचे सामर्थ्य बिहारने दाखविले आहे. तेथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींचा प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढला आणि शाळा दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला. पहिली-दुसरीच्या मुलाला हे जसेच्या तसे लागू पडत नाही. त्याला सायकलीआधी रस्ता लागतो. हॉलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. डच माणूस जन्मतः सायकलस्वार असतो अशी आपल्याकडे समजूत आहे. १९७१ साली त्या लहानशा देशात ४०० हून अधिक मुले रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. सायकलींच्या वेगळ्या वाटा पुढे आखल्या गेल्या त्या या संतापातून आणि १९७३ च्या तेलटंचाईतून. जपानमध्ये शेजारची मुले ठरलेल्या जागी जमतात आणि मोठ्या मुलाच्या पुढाकाराने एका रांगेत शाळेत जातात. त्याला पैसा लागत नाही, शेजार लागतो.

शेजार भिवापुरात अद्याप आहे. शेतकऱ्याला सावड नवी नाही: आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. एका गल्लीतील दहा घरांनी सावडीने मुले नेली, रोज पाळीपाळीने दोन मोठी माणसे बरोबर चालली, तर प्रत्येक घराची पाळी पाच दिवसांनी एकदा येईल आणि वर उल्लेखिलेल्या सोळा दिवसांपैकी सुमारे तेरा परत मिळतील. ज्यांचे घर दूर आहे, त्यांनी चार मुलांसाठी चार दुचाक्या काढण्याऐवजी एक परवानाधारक ऑटो ठरवावा; मात्र त्यात बसण्याच्या जागेइतकीच मुले बसवावीत. आज पायी येणाऱ्या मुलांनाही या रांगेत प्रथम घ्यावे लागेल, अन्यथा ती पुन्हा कडेलाच राहतील. मुख्याध्यापकांनी पहिल्या पालकसभेत गल्लीनिहाय यादी केली, तरी आरंभ होऊ शकतो. आजवर जे मूल दोन पावलेही चालले नाही आणि सायकलही शिकले नाही, तेच चौदाव्या वर्षी बापाची स्कूटर मागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल पालकाला २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्याच सभेत सांगता येईल.

उरलेले काम पालकांचे नाही. फाटकापासून शंभर मीटरपर्यंत शाळेच्या वेळी गाड्यांना मज्जाव करणे नगरपंचायत व पोलिसांच्या हाती आहे. महामार्ग ओलांडावयाच्या जागी पांढरे पट्टे, गतिरोधक आणि त्या अर्ध्या तासापुरता एक शिपाई, एवढी मागणी महामार्ग खात्याला आणि पोलीस ठाण्याला लेखी द्यावी लागेल. पट्टे रंगविणे एका दिवसाचे काम आहे. उन्हाळ्याच्या सुटीनंतर येथील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि पहिला पाऊस त्याच सुमारास येतो; रंगविण्याचे काम त्यापूर्वी, मे महिन्यातच झाले पाहिजे.