भुतापेक्षा डॉक्टरची भीती

सेरा वॉटर्स यांची ‘द लिटल स्ट्रेंजर’ ही कादंबरी मी पूर्वी एकदा निम्म्यावर मिटून ठेवली होती. त्यातलं एकही माणूस आपलंसं वाटेना. गेल्या महिन्यात ती पुन्हा काढली आणि शेवटपर्यंत वाचली. माणसं अजूनही आवडलेली नाहीत, पण पुस्तक डोक्यातून जात नाही.

२००९ सालची ही कादंबरी त्या वर्षी बुकरच्या अंतिम यादीत होती. काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा, जागा इंग्लंडमधलं वॉरिकशायर. हंड्रेड्स हॉल ही आयर्स घराण्याची पडायला आलेली हवेली. पैसा संपलाय, बऱ्याचशा खोल्या बंद आहेत, विकलेल्या जमिनीवर सरकारी घरं उठताहेत. आत राहतात विधवा आई, युद्धात जखमी झालेला रॉडरिक आणि त्याची बहीण कॅरोलाइन. हळूहळू भिंतींवर जळाल्यासारखे डाग उमटू लागतात, नोकरांना बोलावायच्या घंटा आपोआप वाजतात.

आयर्स मंडळींचा तोरा डोक्यात जातो. पण खरा राग येतो तो गोष्ट सांगणाऱ्या डॉ. फॅरडेचा. त्याची आई कधीकाळी याच हवेलीत दाई होती. लहानपणी तिथे गेला असताना त्याने भिंतीच्या नक्षीतलं प्लास्टरचं एक फळ उचकटून खिशात घातलं होतं. मोठेपणी तो औषधांची बॅग घेऊन त्याच घरात शिरतो.

मी तीस वर्षं तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस केली. व्हिजिटला गेलं की लोक डॉक्टरला थेट आतल्या खोलीपर्यंत नेतात. जे सख्ख्या बहिणीला सांगितलेलं नसतं, ते आम्हाला सांगतात. फॅरडे हा विश्वास वापरतो. घरातलं कुणी घाबरलं की त्याच्याकडे निदान तयार असतं: थकवा, मनावरचा ताण, युद्धाचा धक्का. त्याच्या निदानांनी कुणालाच धीर येत नाही, त्याचा पाय मात्र त्या घरात अधिक घट्ट रोवला जातो. वाचताना मला माझ्या दवाखान्यातल्या कितीतरी बायका आठवल्या. ‘काही झालेलं नाही, मनाचं आहे,’ असं सांगून मी त्यांना परत पाठवलं होतं.

म्हणून ‘पात्रं आवडली नाहीत’ ही माझी जुनी तक्रार मी मागे घेते. फॅरडे आवडला असता, तर त्याची हाव मला दिसलीच नसती.

पण एक तक्रार उरतेच. चौदा वर्षांची मोलकरीण बेटी पोटदुखीचं सोंग करते, म्हणून फॅरडे पहिल्यांदा हवेलीत येतो. या घरात काहीतरी वाईट आहे, हे सर्वांत आधी ती पोर सांगते. तिच्यासारख्याच नोकराणीचा हा मुलगा तिलाच खोटं पाडतो. सगळी गोष्ट त्याच्या तोंडून येत असल्यामुळे बेटीला तिचं पुरतं म्हणणं मांडायला जागाच मिळत नाही. पाचशेच्या आसपास पानांत आयर्स घराण्याच्या पडझडीला एवढी जागा आहे, तर तिला थोडी हवी होती.

तरीही हे पुस्तक वाचाच. भूत आहे की नाही, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. फॅरडेच्या प्रत्येक निदानावर शंका घ्या आणि बेटी बोलेल तेव्हा नीट ऐका.